नुनावुतच्या फिरत्या कोर्टात साक्ष देताना

आर्क्टिकमध्ये राहणाऱ्या माणसाच्या हातात कोर्टाचं समन्स पडलं तर पुढे काय होतं, हे मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही. इंग्रजीत जे मिळालं ते वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं होतं. कॅनडाच्या या उत्तर टोकाला, नुनावुतमध्ये, आता आपल्याकडची माणसंही नोकरीसाठी येतात. कुणी शिक्षक म्हणून, कुणी नर्स म्हणून, कुणी औषधाच्या दुकानात. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर निदान पुढचा रस्ता दिसावा, म्हणून नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते आहे.

गावाचं नाव लिहिणार नाही. बाफिन बेटावरचं, समुद्राकाठचं, दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव, एवढं पुरे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका रात्री माझ्या खिडकीसमोर मारहाण झाली आणि ती मी पाहिली. ज्याला लागलं त्याच्या घरची आणि ज्याच्यावर आरोप ठेवला गेला त्याच्या घरची, दोन्हीकडची मुलं माझ्या गणिताच्या वर्गात होती. त्यामुळे कोण, कशावरून, आणि शेवटी निकाल काय लागला, यातलं काहीही इथे नाही.

त्या रात्री आरसीएमपीचे, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाचे, दोन पोलीस आले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावून त्यांनी माझा जबाब रेकॉर्ड केला. पोलीस दारात येण्याआधीच्या वेळात माझे हात थरथरत होते, आणि काहीतरी करत राहायचं म्हणून मी शाळेच्या एका वहीत काय दिसलं ते मराठीत लिहून काढलं होतं. किती वाजले होते, कोण कुठे उभं होतं, कोण कोणत्या बाजूला गेलं. या वहीचं पुढे बरंच काही झालं, ते ओघात येईल.

दोन-तीन दिवसांत कळलं की आरोपीला अटींवर सोडलं आहे. मला प्रश्न पडला, गावात कोर्टच नाही तर सोडलं कुणी? तर जामिनाची सुनावणी इथे फोनवर होते. एका बाजूला गावातलं पोलीस ठाणं, दुसऱ्या बाजूला राजधानी इकालुइटमध्ये बसलेले जस्टिस ऑफ द पीस (छोटी कामं बघणारे न्यायाधिकारी), तिसरीकडे वकील. हे जस्टिस ऑफ द पीस वकीलच असतात असं नाही. त्यांच्यात इथल्या मूळ रहिवासी इनुइट समाजातली, गावं आतून ओळखणारी माणसं असतात. जामिनाच्या अटींमध्ये साक्षीदारांशी संपर्क ठेवायचा नाही, ही अटही होती. दोनच दुकानं असलेल्या गावात ती पाळायची म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. को-ऑप या दुकानात समोरासमोर आलो की तो मुकाट्याने दुसऱ्या रांगेत जायचा आणि मी डाळींच्या डब्यांकडे बघत उभी राहायची.

मग मी वाचायला घेतलं. नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाच्या वायव्य प्रदेशांतून (नॉर्थवेस्ट टेरिटरीज) वेगळा झाला. आकाराने महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा, आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३६,८५८. वस्त्या २५, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता एकही नाही. कोर्टाची इमारत एकट्या राजधानीत, इकालुइटमध्ये. बाकी गावांकडे कोर्टच विमानाने जातं. याची सुरुवात १९५५ सालची. त्या वर्षी जॅक सिसन्स हे वायव्य प्रदेशांच्या न्यायालयाचे पहिले न्यायाधीश झाले. न्याय प्रत्येकाच्या दारापर्यंत गेला पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी ते छोट्या विमानातून वस्त्या-वस्त्यांवर फिरले.

नुनावुत वेगळा झाला तेव्हा आणखी एक मोठा निर्णय झाला. कॅनडात इतरत्र खटले चालवणारी न्यायालयं दोन पातळ्यांवर असतात, खालचं आणि वरचं. इथे दोन्ही मिळून एकच, नुनावुत कोर्ट ऑफ जस्टिस. अशी रचना देशात दुसरीकडे कुठेही नाही. किरकोळ चोरी, घटस्फोट, मुलांचा ताबा, खून, सगळं त्याच न्यायाधीशांपुढे येऊ शकतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. दोन वेगवेगळी न्यायालयं एकाच गावात आळीपाळीने उडत येत राहिली असती तर विमानांचा खर्च तर दुप्पट झालाच असता, पण गावकऱ्याला आपलं काम नक्की कुणापुढे आहे हेही कळलं नसतं.

मार्च २०२३ मध्ये, शाळा सुटल्यावर, एक कॉन्स्टेबल घरी आला आणि समन्स हातात देऊन गेला. समन्स साधारणपणे असं प्रत्यक्ष हातात दिलं जातं. कागदावर खटल्याचं नाव, मे महिन्यातली तारीख, सकाळची साडेनऊची वेळ, ठिकाण गावचं सभागृह. खाली ताकीद: हजर राहिलं नाही तर अटकेचं वॉरंट निघू शकतं, आणि न्यायाधीश मोकळं करेपर्यंत साक्षीदाराने थांबलं पाहिजे. हे शेवटचं वाक्य नीट वाचून ठेवा. समन्स एका दिवसाचं दिसतं, पण बांधिलकी त्या दिवसापुरती नसते.

आपल्या लोकांना पडणारा पहिला प्रश्न मलाही पडला. माझा नागरिकत्वाचा अर्ज चालू होता, त्याला याने धक्का लागेल का? नाही. साक्षीदार असणं म्हणजे आपल्यावर गुन्हा असणं नव्हे. साक्ष द्यायला कॅनडाचं नागरिकत्व लागत नाही. वर्क परमिटवर असलात तरी समन्स तुम्हाला तितकंच लागू.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईने शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकवलंच. सांगलीत वकिली करणारे मामा मात्र म्हणाले, "अगं, तू आरोपी नाहीस. विचारलं तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तिथे आठवत नाही म्हणायचं, आणि कुणाला वाचवायला किंवा अडकवायला जायचं नाही." पुढच्या सगळ्या महिन्यांत मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला हाच.

समन्सनंतर आठवड्याभरात क्राऊन विटनेस कोऑर्डिनेटरचा फोन आला. नुनावुतमध्ये फौजदारी खटले केंद्राची अभियोग सेवा चालवते, आणि तिच्याकडे पीडितांना व साक्षीदारांना सांभाळण्यासाठी ही खास माणसं असतात. माझ्याशी बोलणारी बाई इनुइट होती, शांत, घाई नसलेली. ती आपली वकील नसते आणि खटल्यात काय बोलावं हे सांगत नाही; पण कधी यायचं, कुठे बसायचं, सोबत कुणाला आणता येईल, हे सगळं तिच्याकडून कळतं. तिचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा आणि काही बदललं की तिला ईमेलने कळवा, म्हणजे नोंद राहते.

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मे अखेरीस भाचीच्या लग्नासाठी माझं भारताचं तिकीट काढलेलं होतं. तिने सरकारी वकिलांना विचारलं. तारीख हलणार नव्हती, कारण पुढची फेरी कधी आणि तिच्यात जागा किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकीट चार दिवस पुढे ढकललं, साडेतीनशे डॉलर गेले, ते परत मिळत नाहीत. लग्न मिळालं, हळद चुकली. दुसरी गोष्ट, ती वही. वहीबद्दल ऐकून ती जरा थांबली आणि म्हणाली, हे वकिलांनाच सांग.

सरकारी वकिलांनी वहीच्या पानांची छायाप्रत मागवली. सरकार पक्षाच्या हातात जे काही संबंधित येतं ते बचाव पक्षाला दाखवावं लागतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्टिंचकोम खटल्यात हे पक्कं करून टाकलं आहे. पण पानं मराठीत. नुनावुतच्या कोर्टात इनुक्टिटुट आणि इनुइनाक्तुन या इनुइट भाषा आणि फ्रेंच यांची सोय असते. मराठीची गरज पडेल असं कुणाच्या ध्यानीमनी नसणार. शेवटी दक्षिण कॅनडातल्या एका मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर झालं. मी स्वतः करून देऊ का विचारलं, तर अर्थातच नको म्हणाले. मला ते पटलं. स्वतःच्या पुराव्याचं भाषांतर स्वतः कसं करणार? घटना घडल्या-घडल्या लिहून ठेवणं चांगलंच, फक्त ते कागद आहेत हे लगेच सांगा आणि मूळ पानांवर नंतर एक अक्षरही वाढवू नका.

मे महिन्याच्या फेरीआधी गावच्या रेडिओवर कोर्ट येत असल्याची घोषणा झाली. इथे रेडिओ म्हणजे गावाचा श्वास; हरवलेल्या हातमोज्यांपासून कोर्टापर्यंत सगळं त्यावरून कळतं. सोमवारी सकाळी विमान उतरलं. त्यातून न्यायाधीश, कोर्टाच्या क्लार्क, कोर्ट रिपोर्टर, सरकारी वकील, बचाव पक्षाचे वकील आणि दुभाषे, सगळे एकत्र उतरले. एकाच विमानातून येतात आणि गावातल्या एकुलत्या एका हॉटेलात उतरतात. सुरुवातीला हे पाहून मन खट्टू झालं. समोरासमोर भांडणारे वकील रात्री एकाच टेबलावर जेवणार? पण दुसरं हॉटेलच नाही, तर करणार काय. तीन दिवसांत मी त्यांना खटल्याबद्दल एक शब्दही जेवणघरात बोलताना ऐकलं नाही.

सभागृहात बास्केटबॉलच्या रेघांवर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे न्यायाधीशांचं टेबल, बाजूला झेंडे, एका कोपऱ्यात दुभाष्यांची जागा आणि कानाला लावायची यंत्रं. मागच्या रांगांत तान्ही मुलं अमाउतीत (पाठीवर बाळ ठेवायची जागा असलेल्या इनुइट कोटात) घेऊन आलेल्या आया. भिंतीलगत बचाव पक्षाचे वकील आपल्या पक्षकारांशी कुजबुजत होते. बऱ्याच जणांची ती पहिलीच प्रत्यक्ष भेट होती, आधीचं सगळं फोनवर. त्यांच्यात दुवा असतो तो गावातल्याच कोर्ट वर्करचा. कायदेशीर मदतीचं काम बाफिन भागात मालिगानिक तुकिसिनिआक्विक ही संस्था बघते, आणि त्यांचे इनुइट कोर्ट वर्कर लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगतात.

आमचा खटला मे महिन्यात चाललाच नाही. आधी यादीतली छोटी कामं निघाली, गुन्हा कबूल करणारे, नवी तारीख मागणारे. आमचा पुकारा झाला तेव्हा दुसरा एक महत्त्वाचा साक्षीदार गावात नव्हता. मे म्हणजे इथे बर्फातून मासे पकडायचा हंगाम. दिवस मोठा, समुद्र अजून गोठलेला, आणि कुटुंबंच्या कुटुंबं स्नोमोबाईलला कामुतिक (बर्फावरची घसरगाडी) बांधून छावणीवर गेलेली असतात. कुणी मुद्दाम चुकवत नाही. वर्षभराचं मांस-मासे आणि मुलांना जमिनीवर जगायला शिकवणं, दोन्ही याच दिवसांत होतं. कोर्टाचं वेळापत्रक ठरवताना हे ध्यानात घ्यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. न्यायाधीशांनी आम्हा हजर साक्षीदारांना पुढे बोलावून तोंडीच आदेश दिला: नोव्हेंबरच्या फेरीला या. नवा कागद मिळत नाही. तोंडी आदेश समन्सइतकाच बांधील असतो, तेव्हा तारीख तिथल्या तिथे लिहून घ्या.

सप्टेंबरची फेरी आधीच भरलेली होती. कोर्टाच्या स्वतःच्या माहितीनुसार काही गावांत फेरी दर सहा आठवड्यांनी जाते, तर काहींत दोन वर्षांतून एकदा; तिथे किती गुन्हे दाखल होतात त्यावर ते अवलंबून. आमचं गाव मधलं. मला स्वतःला सहा महिने थांबणं जड गेलं. पण जास्त जड गेलं ते त्या दोन घरांना. वर्गात एका बाकावर एक मुलगा आणि दोन बाकांपलीकडे दुसरा, आणि दोघांच्या घरी तीच तारीख टांगलेली. २०१६ च्या जॉर्डन निकालात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घातली आहे: आरोप ठेवल्यापासून खटला संपेपर्यंत, जिथे दोन पातळ्या आहेत तिथे, खालच्या न्यायालयात १८ महिने, वरच्यात ३०. उशिराला बचाव पक्ष कारणीभूत असेल तर तेवढे दिवस वजा होतात, आणि हवामानासारखी कुणाच्याच हातात नसलेली कारणंही लक्षात घेतात. तरी कॅलेंडरकडे बघताना धाकधूक व्हायची.

ऑगस्टमध्ये माझी बदलीसारखीच नवी नोकरी लागली आणि आम्ही इकालुइटला आलो. पत्ता, फोन, नव्या मुख्याध्यापकांचं नाव मी लगेच कळवलं. इथे राहण्याचा एक फायदा मी करून घेतला. ५१० क्रमांकाच्या इमारतीत नुनावुत जस्टिस सेंटर आहे आणि सुनावण्या सगळ्यांसाठी खुल्या असतात. ऑक्टोबरमध्ये सुट्टीच्या दिवशी मी प्रेक्षकांत जाऊन बसले. स्वतःची वेळ येण्याआधी हे जरूर करा. अर्धी भीती तिथेच जाते.

त्या दिवशी ज्युरीचा खटला चालू होता. ज्युरीतल्या एका आजींच्या कानाला यंत्र होतं आणि सगळं कामकाज त्या इनुक्टिटुटमधून ऐकत होत्या. नुनावुतच्या कायद्याने इंग्रजी किंवा फ्रेंच अजिबात न येणारी इनुइट व्यक्तीही ज्युरीत बसू शकते. साक्षीदार एक तरुण मुलगी होती. वकिलांनी विचारलं, "तू घरीच होतीस का?" ती काही बोलली नाही, फक्त भुवया उंचावल्या. इथे भुवया उंचावणं म्हणजे हो. नाक आक्रसणं म्हणजे नाही. वकील थांबले. न्यायाधीश मऊ आवाजात म्हणाले, साक्षीदाराने होकार दिल्याची नोंद घ्या, आणि मग तिला, रेकॉर्डिंगला तुझा चेहरा दिसत नाही, म्हणून मोठ्याने सांगशील का? मुलीने पुन्हा भुवया उंचावल्या, मग स्वतःच्याच ध्यानात येऊन "हो" म्हणाली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये लांब शांतता असायची आणि कुणी ती मोडायची घाई करत नव्हतं.

नोव्हेंबर २०२३. साक्षीदाराचं विमान आणि राहणं सरकार पक्ष ठरवतो. स्वतः तिकीट काढू नका, तो खर्च तुमच्याच गळ्यात पडू शकतो. विमान निघालं, गावावर पोचलं, खाली ढगांशिवाय काही दिसेना. वैमानिकाने दोन घिरट्या घातल्या आणि आम्ही परत इकालुइटला. संध्याकाळपर्यंत वादळ इतकं चढलं की पूर्ण फेरी रद्द झाली. पुढची तारीख फोनवर पडली: फेब्रुवारी २०२४.

त्या रात्री मी खूप रडले. वादळाचा राग नव्हता. पण पुन्हा तीन महिने तीच रात्र ताजी ठेवायची, विसरायची परवानगी नाही, याचं ओझं होतं. कोऑर्डिनेटरला हे सांगितलं तर तिने समुपदेशनाची माहिती दिली आणि म्हणाली, रोज आठवत बसू नकोस, तुझा जबाब आमच्याकडे जपून ठेवलेला आहे, साक्षीआधी तुला वाचायला मिळेल. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आठवण जपायचं काम कागदाचं. आपलं काम त्या दिवशी खरं बोलण्याचं.

फेब्रुवारीत विमान उतरलं. वाऱ्यामुळे उणे पस्तीसच्याही खाली वाटत होतं. हॉटेलात भाडं खोलीचं नसून माणशी असतं आणि अनोळखी व्यक्तीबरोबर खोली वाटून घ्यावी लागू शकते. माझ्या खोलीत एक परिचारिका होती. जेवणघर सगळ्यांना एकच, म्हणून मी शेंगदाण्याची चटणी, ठेपले आणि सूपची पाकिटं बरोबर नेली होती आणि बहुतेक खोलीतच खाल्लं. शाकाहारी असाल तर हे कराच.

आदल्या संध्याकाळी सरकारी वकिलांनी शाळेच्या एका खोलीत मला माझा जबाब वाचायला दिला. काय बोलायचं हे त्यांनी सांगितलं नाही, फक्त क्रम सांगितला. बचाव पक्षाचे वकीलही साक्षीदाराशी बोलायची विनंती करू शकतात. बोलायचं की नाही हे आपण ठरवायचं. साक्षीदार कुणाच्याच मालकीचा नसतो.

साक्ष होईपर्यंत साक्षीदाराला आत बसता येत नाही. सभागृहात वेगळी खोली नव्हती, म्हणून आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. स्टीलचा लांब ओटा, चहाचं मोठं पिंप, भिंतीवर ग्रामसभेच्या सूचना. वेगवेगळ्या खटल्यांतल्या आम्ही चार बायका. एक सीलच्या कातड्याचे मिट्स, म्हणजे जाड हातमोजे, शिवत होती, दातात दोरा धरून, टाका इतका बारीक की शिवण शोधावी लागेल. दुसरी झोपलेल्या बाळाला पाठीवर घेऊन नुसती डोलत होती. दाराच्या फटीतून दुभाष्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. आरोपीची मावशी चहा घ्यायला आत आली. मला पाहून थबकली. मग तिने दोन कप भरले, एक माझ्यापुढे ठेवला आणि निघून गेली. मी तो चहा प्यायले.

दुपारी पुकारा झाला. शपथेसाठी क्लार्कनी बायबल पुढे केलं; मी धर्मग्रंथाविना गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा घेईन म्हणाले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच आणि कुणी कारण विचारत नाही. भगवद्गीतेवर शपथ घ्यायची असेल तर प्रत आपलीच न्या आणि आधी कळवा.

सरकारी वकिलांचे प्रश्न सरळ होते. उलटतपास लांबला. खिडकीला दुहेरी काच होती ना? काचेवर बर्फ धरलं होतं का, किती भागावर? रस्त्यावरचा दिवा खिडकीपासून कुठल्या बाजूला? तुम्ही चष्मा लावला होता का? चेहरा पाहिला की पार्का (टोपीचा जाड कोट) ओळखला? ते वकील उद्धट नव्हते. त्यांचं काम ते नीट करत होते, आणि मला नंतर वाटलं की माझ्यावर कधी आरोप आला तर माझ्या वकिलाने असंच खोदून विचारावं. वहीचा विषय निघाला. भाषांतरातली वेळ आणि जबाबातली वेळ यांत दहा मिनिटांचं अंतर होतं. वहीत मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाची वेळ लिहिली होती, पोलिसांना फोनमधली सांगितली होती. एवढंच उत्तर दिलं. मामांचं ऐकून पुढे काही जोडलं नाही. वाक्यं लहान ठेवली, कारण प्रत्येक वाक्य दुभाष्यातून आरोपीच्या घरच्यांपर्यंत पोचायचं होतं. दुभाष्याने हात किंचित वर केला की थांबायचं.

आरोपीकडे बघावं की नाही, याचा मी महिनाभर विचार केला होता. प्रत्यक्षात न्यायाधीशांकडे बघूनच उत्तरं दिली आणि ते सोपं गेलं.

न्यायाधीशांनी मोकळं केल्यावर मागे बसायची मुभा होती. दुसऱ्या एका खटल्यात गुन्हा कबूल झालेला होता आणि शिक्षा ठरायची होती. काही गावांत अशा वेळी वडीलधारी माणसं न्यायाधीशांच्या शेजारी बसतात. एक आजी आणि एक आजोबा बसले होते. वकिलांचं झाल्यावर आजी त्या पोराशी इनुक्टिटुटमध्ये बोलल्या, कानातल्या यंत्रातून मला अर्थ कळत होता. तुझा आजोबा माझ्याबरोबर शिकारीला यायचा, म्हणाल्या. त्याने कधी कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. तुझ्या हातांना ते काम येतं, मी पाहिलं आहे. मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. पोराची मान खाली होती. शिक्षा न्यायाधीशांनीच दिली, कायद्याप्रमाणे. पण ज्याला सुनावलं त्याला ओळखणारं कुणीतरी त्या टेबलावर होतं. माझ्या मते या कोर्टातलं सर्वांत मोलाचं काम तेच आहे, आणि ते इकालुइटच्या किंवा ओटावाच्या इमारतीत बसून झालं नसतं. न्यायाधीश आणि वकील बहुतेक दक्षिण कॅनडातून आलेले असतात, ही उणीव सगळेच मान्य करतात. ती भरून काढायचे प्रयत्नही झाले आहेत: आकित्सिराक कार्यक्रमातून २००५ मध्ये अकरा जण वकिलीची पदवी घेऊन बाहेर पडले, आणि सस्कॅचेवान विद्यापीठाने इकालुइटमध्ये चालवलेल्या अभ्यासक्रमातली तुकडी २०२१ मध्ये. असं शिक्षण सलग चालू राहायला हवं, अधूनमधून नको.

परतीचं विमान हवामानाने एक दिवस उशिरा निघालं. जेवणभत्त्याचा फॉर्म कोऑर्डिनेटरने दिला होता. पैसे यायला दीडेक महिना लागला. शाळेत भरपगारी रजेसाठी समन्सची प्रत आणि हजेरीचं पत्र लागलं. ते पत्र क्लार्ककडून निघायच्या आधीच मागून घ्या, कारण नंतर कोर्ट दुसऱ्या गावात असतं. एप्रिलमध्ये फोन आला की खटला संपला, आता माझ्यावर कसलीही बांधिलकी नाही. त्याच संध्याकाळी मी भारताचं तिकीट काढलं.

स्वयंपाकघरातल्या चौघींपैकी दोघींचा नंबर फेब्रुवारीतही लागला नाही. मिट्स शिवणारीला मेची तारीख मिळाली आहे. तिने फोन करून विचारलं, आत गेल्यावर काय काय होतं? तिच्या खटल्याबद्दल मी काही विचारलं नाही. शिवणकाम पुन्हा ने, म्हणाले. मासेमारीला जाणार असाल तर आत्ताच कोऑर्डिनेटरला कळव, नंतर नको. मोठ्याने बोल. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग, कितीही वेळा. आणि आदल्या रात्री जबाबाची प्रत एकदाच वाच, मग झोप.